नऊ कणांचा चेहरा

सर्जेराव नलवडे टॅबलेट घ्यायला आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर रक्त होतं. त्यांचं नव्हतं. कुणाचं होतं हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं, कारण दोन दिवसांपूर्वी मैदानावर ते बऱ्याच जणांचं एकत्रच उडालं होतं. सदरा बदलायला त्यांना सवड झाली नव्हती.

दृक्संपादन चाचणी-प्रयोगशाळा ही दोन हजार एक्कावन्न सालच्या कोल्हापुरातली मोठी सोयीची जागा. हौशी माणसानं आपल्या चित्रफिती घेऊन यावं, निरनिराळ्या टॅबलेटांवर त्या कापून, जोडून, रंगवून पाहाव्यात आणि मनाला येईल तो टॅबलेट घेऊन जावं. एरवी इथं लग्नाच्या चित्रफितीतून नकोसे व्याही पुसून पाहणारी मंडळी येत. आज सर्जेरावांच्या मागं दहा दांडगे तरुण आले होते. पाच नगारा तालमीच्या फुटबॉल संघाचे, पाच चाफा तालमीच्या. आत हत्यारं आणू नयेत अशी पाटी असल्यामुळं त्यांनी आपापल्या सळ्या दारातल्या छत्र्यांच्या बादलीत ठेवल्या होत्या. शिस्तीची मुलं होती.

सर्जेरावांनी एकतीस वर्षं शिरोलीच्या एका फाउंड्रीत लोखंडी ओतकामातल्या चिरा शोधल्या. निवृत्त झाल्यावर तोच डोळा त्यांनी फुटबॉलकडं वळवला. प्रत्येक सामन्याला तिपाई रोवायची, कॅमेरा लावायचा, घरी येऊन फीत कापायची आणि पेठापेठांत वाटायची. त्यांच्या फितीत दोन्ही बाजूंचे गोल असत आणि दोन्ही बाजूंच्या शिव्याही असत. म्हणून दोन्ही तालमींचा त्यांच्यावर विश्वास. त्यांचा भाचा इंद्रजित हा नगारा तालमीचा गोलरक्षक होता. बहिणीच्या मागं त्याला सर्जेरावांनीच वाढवलं होतं. तरी त्याच्या पायातून चेंडू गेला तर तोही प्रसंग ते सावकाश गतीनं, तीनदा दाखवत.

परवाच्या सामन्यात पेनल्टीवरून दगड सुरू झाले. मग बाकडी आली, मग सळ्या. पोलिसांनी धूर सोडला. सर्जेराव तिपाई तशीच टाकून चहाच्या टेबलाखाली शिरले आणि पाऊण तास तिथंच बसले. पिशवीतला जुना टॅबलेट तुडवला गेला. कॅमेरा मात्र इमानानं चालू राहिला. त्यात अकरा सेकंद असे होते, की चाफा तालमीचा कप्तान अमरसिंह जरग गुडघ्यावर बसून पडलेल्या पंचाला उठवतो आहे, धुरातून एक माणूस मागून येतो, हातातल्या फरशीच्या तुकड्यानं अमरसिंहाच्या डोक्यावर तीन घाव घालतो, एकदा कॅमेऱ्याकडं बघतो आणि धुरात जातो. धुळीनं सगळेच राखाडी झालेले. कुठला सदरा कुणाचा ते कळत नव्हतं.

अमरसिंह जागच्या जागी गेला. त्याचे वडील बापूसाहेब जरग हेच चाफा तालमीचे प्रमुख. सरकारी प्रयोगशाळेत फीत तपासून घ्यायला चारशे बारावा नंबर लागला होता. बापूसाहेबांनी स्मशानातच निरोप दिला, "परवा पाच वाजेपर्यंत सर्जेरावांच्या फितीतनं नाव निघू दे. निघालं तर एकच मरंल. न्हाई निघालं, तर पेठ पेटंल."

"तर हे दोन आहेत," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. मुक्ता किल्लेदार म्हणाल्या. काचेच्या टेबलावर दोन टॅबलेट होते. "हा साक्षी आणि हा कल्पक. साक्षी घ्या."

"कल्पक घ्या," त्यांचा सहायक अभियंता सादिक मणेर म्हणाला. तो सर्जेरावांच्या फाउंड्रीतल्या दोस्ताचा मुलगा. "काका, मॅडमना विकायचं कळत न्हाई. चांगल्या वस्तूला नावं ठेवतात."

"फरक काय?" सर्जेरावांनी विचारलं.

डॉक्टरांनी अकरा सेकंदांतली, तो माणूस कॅमेऱ्याकडं बघतानाची चौकट साक्षीवर लावली आणि चेहरा मोठा केला. पडद्यावर नऊ चौकोन आले. काही करडे, काही जास्त करडे.

"याला आम्ही प्रकाशकण म्हणतो. त्या माणसाच्या चेहऱ्यावरून तुमच्या कॅमेऱ्यात नऊच कण आले. साक्षी नऊ दाखवतो. दहावा दाखवत नाही, कारण दहावा आलेलाच नाही."

"भिंतीवर चिकटवायच्या फरशा दिसतायत," चाफा तालमीचा एक तरुण म्हणाला.

"कल्पकात संभाव्यपूर्ती आहे," सादिक म्हणाला. "नऊ कणांचे नऊ लाख करतो."

"उरलेले आणतो कुठून? ते सांग ना त्यांना," डॉक्टर म्हणाल्या.

"शक्यतेतनं, मॅडम."

"शक्यता म्हणजे काय, तेही सांग."

सादिकनं डोकं खाजवलं. "म्हंजे काका, यंत्र विचार करतं, की या नऊ कणांत बसंल असा कुठला चेहरा आपण जास्तीत जास्त वेळा बघितलाय. तो तिथं बसवतं. लग्नाच्या फितीला एकदम झकास. नवरीच्या आजीचे दातसुद्धा येतात."

"आजीला दात नसले तरी येतात," डॉक्टर म्हणाल्या. "नलवडेसाहेब, ते यंत्र चेहरा शोधत नाही. ठरवतं. ज्या यंत्राला—"

त्यांचं वाक्य तिथंच राहिलं. रस्त्यावरून आलेल्या अर्ध्या विटेनं खिडकी फोडली आणि काचेचा एक तुकडा त्यांच्या कपाळात शिरला. भुवईपासून हनुवटीपर्यंत रक्ताची धार लागली. वीट कुणाची यावरून दहा तरुणांत लगेच मतभेद झाले, एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याचे दोन दात टेबलावर सांडले. डॉक्टर रुमाल दाबून टाके घालून घ्यायला गेल्या. जाता जाता त्यांनी पुन्हा "साक्षी" म्हटलं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

सर्जेरावांनी कल्पक उचलला. त्यावर धुराचं एकेक वेटोळं दिसत होतं, गवताचं एकेक पातं दिसत होतं. एकतीस वर्षं धूसर भिंगातून चिरा पाहिलेल्या माणसाला हे चित्र म्हणजे मेजवानी होती. नऊ चौकोन घेऊन बापूसाहेबांपुढं जायचं तरी कसं?

"हाच," ते म्हणाले.

"मग आधी घरचे फोटो भरा," सादिक म्हणाला. "पहिल्यांदा फीत खुनाची नको. पायगुण असतो यंत्राचा."

हे सर्जेरावांना पटलं. त्यांच्या घरी नवी शेगडीसुद्धा आधी घरच्या माणसांपुढं ठेवून, हळदकुंकू लावून मग पेटवत. त्यांनी आपला सारा संग्रह टॅबलेटात ओतला. एक्केचाळीस हजार फोटो. बायको हयात असतानाचे थोडे, देवदर्शनाचे थोडे, आणि बाकी इंद्रजित. रांगणारा इंद्रजित, पहिल्या बुटातला इंद्रजित, झेपावणारा, पडलेला, चिखलातला, करंडक उचललेला. मग त्यांनी अकरा सेकंदांची फीत लावली आणि संभाव्यपूर्तीवर बोट ठेवलं.

चेहरा सावकाश उमटला. आधी कपाळ, मग भुवया. डाव्या भुवईवरची खूण सर्जेरावांनी लगेच ओळखली. ओठ आले, हनुवटी आली, आणि फरशीचा रक्ताळलेला तुकडा हातात घेऊन इंद्रजित आपल्या मामाकडं बघू लागला. चित्र अप्रतिम होतं.

तोवर चाफ्याचे पाचही तरुण जिन्यावर होते. जाताना त्यांनी बादलीतल्या सळ्या घेतल्या. घाईत एक छत्रीही गेली.

त्यांनी इंद्रजितला घरातून, भरल्या ताटावरून उचललं. चाफा तालमीच्या आखाड्यात आणून लाल मातीत उताणा पाडला. एकानं त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर बूट ठेवला आणि वळवला. ज्या हातानं त्यानं मागल्या वर्षी चाफ्याच्या तीन पेनल्ट्या अडवल्या होत्या तोच तो हात, आणि हे सर्वांच्या लक्षात होतं. मग बरगड्या झाल्या. मग गुडघा. सर्जेराव आणि कपाळाला सात टाके पडलेल्या डॉ. किल्लेदार धावत पोचले तेव्हा त्याचा एक डोळा मिटला होता आणि तोंडातून मातीचा लाल चिखल येत होता. बापूसाहेब खुर्चीत बसले होते. त्यांच्या मांडीवर कोयता होता.

"पाचला पाच मिनिटं कमी हायत," ते म्हणाले. "सर्जेराव, तुम्ही इमान राखलंत. भाचा असून दाखवलात. आता जरा तोंड फिरवा."

"पाच मिनिटं मला द्या," डॉक्टर म्हणाल्या. "नंतर काय करायचं ते करा."

त्यांनी सर्जेरावांचा कल्पक हातात घेतला, मुद्दाम हलवत बापूसाहेबांचा एक धूसर फोटो काढला आणि पूर्ती केली. पडद्यावर इंद्रजित आला, हातात कोयता घेऊन खुर्चीत बसलेला. त्यांनी दारातल्या माणसाचा काढला. इंद्रजित. कोनाड्यातल्या नारळाचा काढला. तोही इंद्रजित, जरा केसाळ.

"या यंत्रानं एक्केचाळीस हजार फोटोंत बहुतेक एकच चेहरा पाहिलाय," त्या म्हणाल्या. "जिथं कमी दिसतं तिथं ते तोच बसवतं. मामांनी ज्याला जीव लावला तो खुनी ठरला. दुसरं काही घडलेलं नाही."

"बाई, तुम्ही त्यांच्या बाजूच्या कशावरनं न्हाई?" बापूसाहेब म्हणाले. "आमच्या पोरांनीबी तसलाच टॅबलेट घेतलाय. त्यात आमच्या तालमीचे फोटो हायत. त्यावर लावा फीत. आणा रे."

टॅबलेट आला. फीत लावली. चेहरा उमटला तसा बापूसाहेबांच्या मांडीवरचा कोयता मातीत पडला.

गुडघ्यावर बसलेल्या अमरसिंहाच्या डोक्यावर मागून फरशी घालणारा माणूस अमरसिंहच होता. तालमीचा लाडका कप्तान. त्याचे फोटो सर्वांत जास्त होते.

बापूसाहेबांनी पडद्यावरच्या पोराच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पोरगं सोडा. दवाखान्यात न्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जेराव भाच्याच्या पलंगाशी बसून त्याला चमच्यानं पेज भरवत होते. चार बरगड्या, तीन बोटं, एक गुडघा. पण जिवंत. कालपासून सर्जेरावांना स्वतःचं कौतुक वाटावं की लाज वाटावी हे ठरत नव्हतं.

"मामा," इंद्रजित म्हणाला. "बाईंनी झकास पटवलं सगळ्यांना."

"शिकलेली बाई हाय. बोलू नको, दुखंल."

"यंत्र सगळ्यांत मलाच दाखवतं. नारळातसुद्धा."

"व्हय रे बाबा."

"त्या फितीतबी मलाच दाखवलं."

"ते चुकून."

इंद्रजित उघड्या डोळ्यानं छताकडं बघत राहिला. "न्हाई," तो म्हणाला. "तेवढं चुकलं न्हाई."

सर्जेरावांनी चमचा वाटीत ठेवला.

"त्यानं माझ्या आईवरनं शिवी दिली होती, मामा. पेनल्टीच्या आधी. मग धूर झाला. फरशी हातातच आली. पहिल्यालाच पडला होता तो. दोन उगाच घातले."

फाउंड्रीत एकदा सर्जेरावांनी चीर असलेला भाग पास केला होता आणि पुढं त्याखाली एक माणूस चिरडला होता. तेव्हाही त्यांना असंच तोंडात लोखंड चघळल्यासारखं झालं होतं.

दार उघडलं. बापूसाहेब आले, हातात शाल आणि नारळ. मागं चौघे. त्यांनी शाल इंद्रजितच्या अंगावर घातली आणि त्याच्या प्लास्टरला हात लावून नमस्कार केला.

"पोरा, निर्दोष माणसाला हाणलं आम्ही. चाफा तालीम तुझी माफी मागती."

इंद्रजितनं मान हलवली. माफ केलं.

आपल्या पोराच्या मारेकऱ्यापुढं बाप वाकलेला सर्जेरावांच्यानं बघवेना. ते उभे राहिले. "बापूसाहेब, उठा. अमरला ह्यानंच मारलं. आत्ता माझ्यापाशी कबूल झाला."

बापूसाहेबांनी इंद्रजितकडं पाहिलं. इंद्रजित मामाकडं कीव आल्यासारखा बघत होता. बापूसाहेबांनी सर्जेरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या यंत्राला सगळीकडं ह्योच दिसतोय. आता तुम्हालाबी. हबकलाय तुम्ही, बसा. मला तुमच्याशीच बोलायचं होतं." ते पलंगाच्या कडेला टेकले. "बाईंचं म्हणणं मी रातभर घोळवलं. ज्याचा फोटो, तो यंत्राला दिसतो. म्हंजे ज्याचा फोटोच न्हाई, तो कधीच दिसायचा न्हाई. बरोबर?"

"बरोबर," सर्जेराव म्हणाले. तर्क बिनचूक होता.

"मग पोरांना सांगितलं, सामन्याला आलेल्या प्रत्येकाचा फोटो शोधा. तुम्ही इतक्या वर्षांत वाटलेल्या साऱ्या फिती काढल्या. दोन हजार माणसं. चहावाला सापडला. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर सापडला. पंचाचा कुत्राबी सापडला." ते थांबले. "एक माणूस कुठंच न्हाई. एका फितीत न्हाई, एका फोटोत न्हाई. आन् धूर झाला तेव्हा तो तिपाईपाशी नव्हता, असं चौघं सांगतात."

चौघांतल्या एकानं दार लोटून कडी घातली.

"टेबलाखाली होतो मी," सर्जेराव म्हणाले. "चहाच्या."

"कुणी बघितलं?"

कुणी बघू नये म्हणूनच तर ते तिथं शिरले होते.

"माझी काही घाई न्हाई," बापूसाहेब नरमाईनं म्हणाले. "एक फोटो दाखवा. जुना चालंल, लग्नातला चालंल. तो भरतो, फीत लावतो, आन् तुम्ही न्हाई दिसलात तर पाया पडून जातो."

सर्जेरावांनी टॅबलेट उघडला. एक्केचाळीस हजार. बोट सरकत राहिलं. बायको, देवळं, मैदान, इंद्रजित, इंद्रजित. लग्नाचा अल्बम पुराच्या पाण्यात गेला होता. पुढच्या प्रत्येक फोटोच्या वेळी कॅमेरा कुणाच्या हातात होता, ते त्यांना एकेक करून आठवत होतं.

"इंद्रा," ते शेवटी म्हणाले. "सांग यांना."

इंद्रजितनं शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"मामांचा फोटो होय?" तो बापूसाहेबांना म्हणाला. "न्हाई हो. मामा फोटोत कधी नसतातच."