सुटणारा चिमटा

२२ सप्टेंबर २०२२, गुरुवार. पितृपक्षातली द्वादशी. दुपारी विजांसह दोन सरी येऊन गेल्या, मग वारा पडला आणि संध्याकाळी अंगाला चिकटणारा उकाडा सुरू झाला.

धोंडूकाका गोष्ट सांगायला बसले की आधी तारीख सांगतात, मग हवा. रत्नागिरीजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात ते सव्वीस वर्षं लॅबचे अटेंडंट आहेत. ही गोष्ट त्यांनी काही वर्षांनी सांगितली, त्या संध्याकाळी हॉस्टेलची वीज गेली होती, म्हणून ईशा आणि गौरव बाहेरच्या पायरीवर येऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांची लॅबमध्ये परीक्षा होती.

"काका, डमीची गोष्ट ना? सिनियरनी सांगितलीय. ती रात्री उठून चालते म्हणे," गौरव म्हणाला.

"चालेल कशी? पाय स्क्रूवर आहेत तिचे. चाललीच तर सकाळी शोधायला मलाच फिरावं लागेल." काकांनी तंबाखूची डबी बंद केली. "हे मृणालीमॅडमच्या बाबतीत घडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी याच पायरीवर बसून मला सांगितलं. मी पदरचं काही घालत नाही."

मृणाली लॅबची ट्यूटर होती. लॅबमध्ये वॉर्डासारखा एक बेड, बेडवर रबरी डमी, उशाशी मॉनिटर. भिंतीत एक काळी काच. काचेमागच्या छोट्या खोलीत बसून ट्यूटरने बटणं दाबायची, म्हणजे डमीचे ठोके वाढतात, श्वास मंदावतो. माइकवर बोललं की आवाज डमीच्या तोंडातून येतो. पुढ्यात मुलांनी धावपळ करायची, आणि संपल्यावर सगळ्यांनी गोल बसून काय केलं, किती वाजता केलं, ते सांगायचं. मृणालीचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "वेळ सांग. अंदाजे नको."

एकूण बारा प्रसंग बसवलेले होते. नववा मृणालीने स्वतः बसवला होता, एका जुन्या फाईलवरून. म्हातारी बाई, छातीचा आजार. सात चाळीसला ऑक्सिजन उतरल्याचा गजर. सात त्रेचाळीसला नर्स बेडपाशी. ऑक्सिजन, कफ ओढून काढायचं सक्शन, डॉक्टरांना फोन. आठ वाजून दोन मिनिटांनी मृत्यूची नोंद. फाईलमध्ये जसं होतं, तसंच तिने मशीनला शिकवलं. मुलं तीन मिनिटांत पोचली, सगळं बिनचूक केलं, तरी आजी जायचीच.

"म्हणजे काहीही केलं तरी?" ईशाने विचारलं.

"काहीही. मॅडम म्हणायच्या, कधीकधी असं होतं, हेही शिकायला हवं."

शेवटच्या वर्षाला तेव्हा संस्कृती नावाची मुलगी होती. देवरूखकडची, अभ्यासात सगळ्यांच्या पुढे. तिने तो प्रसंग तीनदा केला. तिसऱ्यांदा ती दीड मिनिटात पोचली होती. आजी तरी गेली. नंतर गोल बसल्यावर तिला वेळ सांगता येईना. हात उलटेपालटे करून बघत राहिली. म्हणाली, "मॅडम, माझ्या हातातच काहीतरी वाईट आहे." गुरुवारी दुपारी तिने कॉलेज सोडण्याचा अर्ज दिला. त्यावर मृणालीची सही झाली की शुक्रवारी तो प्राचार्यांकडे जाणार होता.

त्या दिवशी धोंडूकाका म्हाळासाठी लांज्याला घरी गेले होते. विजा चमकत होत्या म्हणून निघण्यापूर्वी त्यांनी डमीची आणि मॉनिटरची केबल काढली, आपल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या खिशात गेली. खिडक्या बघून लॅब बंद करायचं काम मृणालीकडे आलं.

सव्वासातला ती लॅबमध्ये गेली. खिडक्या लावल्या. डमीच्या बोटाचा चिमटा सुटून लोंबत होता. ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा. रबरी बोट गुळगुळीत, तो सारखाच सुटायचा, मुलं त्यावरून हसायची. तिने तो परत लावला आणि काचेमागच्या खोलीत जाऊन बसली. समोर संस्कृतीचा अर्ज ठेवला. पेनचं टोपण काढलं.

पलीकडे चिमटा सुटल्याचा बारीक आवाज आला.

तिने मान वर केली नाही.

मग काचेवर हिरवा उजेड पडला. मॉनिटर चालू झाला होता. ऑक्सिजनचा आकडा ब्याण्णव. एकोणनव्वद. चौऱ्याऐंशी. गजर वाजला.

मृणालीचं बोट आपोआप गजर बंद करायच्या बटणावर गेलं. दाबल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. तिने घड्याळ बघितलं. सात चाळीस.

"बाय गो…"

आवाज डमीकडून आला. मृणालीने माइककडे बघितलं. बटण बंद. लाल दिवा विझलेला.

"बाय गो… ह्यो चिमटा सुटला."

तेरा वर्षं तिने या आवाजाबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं.

२००९ साली ती एका खाजगी रुग्णालयात नवीन नर्स होती. नऊ नंबरच्या बेडवर सोनूबाई, सत्तरीच्या, अंगावर हिरवं लुगडं. बोटं सुकलेली आणि थंड, चिमटा राहायचाच नाही. सकाळपासून त्यापायी गजर एकवीस वेळा वाजला. दुपारी सोनूबाईंनी लुगड्याचा काठ पुढे केला होता. "ह्येची चिंधी फाड नि बांधून टाक गो. तुला सारखी धाव पडते." मृणाली हसली होती. "आजी, चांगलं लुगडं कशाला फाडायचं?" बाविसाव्यांदा गजर वाजला, तेव्हा तिला वाटलं, चिमटाच सुटला असणार. तिने गजर बंद केला आणि मागच्या जिन्यात जाऊन चहा प्यायली. परत आली तेव्हा सात एक्कावन्न झाले होते, सोनूबाईंचा श्वास थांबला होता.

फाईलवर तिने सात त्रेचाळीस लिहिलं. सोनूबाईंचा मुलगा मुंबईहून रातोरात आला. फाईल बघून तिला हात जोडून म्हणाला, "तुम्ही तरी वेळेवर होतात, ताई."

त्याच फाईलवरून नववा प्रसंग बसला होता.

"मॅडम उठल्या नाहीत?" गौरवने हळूच विचारलं.

काकांनी डबी पायरीवर ठेवली.

"उठायला गेल्या. उठवेना."

सात त्रेचाळीस. तिने खुर्चीच्या हातांवर जोर दिला. पाय आपले नव्हतेच. आकडा अठ्ठ्याहत्तर. डमीची छाती वर होत होती, खाली होत होती. छाती हलवणाऱ्या पंपाचा आवाज मात्र नव्हता.

सात पंचेचाळीस.

"बाय गो… हायस ना?"

मृणालीला ओ द्यायची होती. तोंड उघडलं. आवाज…

सात सत्तेचाळीस. आकडा एकसष्ट. आता बोलणं नाही. फक्त श्वास. लांब. मग आणखी लांब.

सात एकोणपन्नास.

श्वास.

मग काही नाही.

काटा एक्कावन्नवर आला आणि तिचे पाय सुटले. ती धावत बेडपाशी गेली. डमीचा हात उघडा पडला होता, चिमटा तारेला लोंबत होता. मृणालीने तो हात धरला. रबर थंड होतं. सुकलेलं होतं.

"अकरा मिनिटं झाली, आजी," ती मोठ्याने म्हणाली. "तीन नाही. अकरा."

मॉनिटर विझला.

तेव्हा तिला दिसलं. मॉनिटरच्या मागे केबलच नव्हती.

चिमटा तसाच लोंबता ठेवून तिने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि रात्री दहापर्यंत ऑफिसात बसून चार पानं लिहिली. नाव, बेड, तारीख, वेळ. संस्कृतीच्या अर्जावर सही केली नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसातच्या एसटीने काका परतले, तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "धोंडूकाका, दार तुम्ही उघडा."

हॉस्टेलच्या पायरीवर ईशाने गुडघे जवळ ओढून घेतले होते.

"मग?"

"उघडलं. आधी माझं कपाट बघितलं. कुलूप होतं, केबल आत होती."

नऊ वाजता मृणालीने ती चार पानं प्राचार्यांना दिली. त्याआधी संस्कृतीला बोलावून वाचून दाखवली. संस्कृतीने शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे तीन मिनिटांत पोचलं असतं तर?"

"वाचल्या असत्या, बहुतेक."

संस्कृतीने अर्ज परत घेतला. मृणालीने नववा प्रसंग बदलला. तीन मिनिटांत पोचलं की आजी वाचते, अकरा झाली की जाते. सोनूबाईंच्या मुलाला तिने पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. चौकशी झाली, तिचं रजिस्ट्रेशन दोन वर्षं थांबलं. त्याच वर्षी डिसेंबरात ती कॉलेज सोडून केळशीला गेली.

"आणि उद्या आमची परीक्षा घेणार त्या संस्कृतीमॅडम…" ईशा म्हणाली.

"त्याच."

"काका, पण तुम्ही दार उघडलंत तेव्हा डमी कशी होती?" गौरवने विचारलं.

हॉस्टेलचे दिवे आले. काकांनी डबी खिशात टाकली आणि ते उठले.

चिमटा डमीच्या बोटावर होता. वरून हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी गुंडाळून बांधलेली होती, दोन गाठी मारून. मृणाली म्हणाली, मी बांधली नाही. लॅबमध्ये लुगडं कधीच नव्हतं. काकांनी ती चिंधी सोडली नाही, नंतरही कुणी सोडली नाही.

तेव्हापासून नववा प्रसंग एकशे चौदा वेळा झाला. चिमटा एकदाही सुटला नाही.