दिवा बंद होता

हस, खुशाल हस. पण चहा संपेपर्यंत ऐकून घे. उद्यापासून या मशीनवर तू एकटी बसणार आहेस.

दुपारची वेळ होती. साडेतीन वर्षांची मुलगी, जन्मापासून आंधळी. आई तिला पिटुकली म्हणायची. डोळ्यांचं ऑपरेशन करायचं की नाही, ते आमच्या तपासणीवर ठरणार होतं. मेंदूला उजेड कळत असेल तरच करायचं, नाहीतर उगाच लेकराचे हाल. औषधाने झोपवून तिला एमआरआयच्या बोगद्यात सरकवलं. मिटल्या पापण्यांवर पारदर्शक चिकटपट्टी, वर चष्मा, त्यात अर्धा मिनिट दिवा लुकलुकतो, अर्धा मिनिट अंधार. उजेड मेंदूपर्यंत पोचला की पडद्यावरची रेघ हलते. झोपलेल्या पोरांची रेघ बऱ्याचदा वर जायची सोडून खाली जाते, एवढं लक्षात ठेव.

बरोबर अर्ध्या मिनिटाच्या तालात रेघ खाली गेली. वर आली. पुन्हा खाली. इतकी सुरेख रेघ मी दहा वर्षांत पाहिली नव्हती.

"कळतंय तिला!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. तडक बाहेर जाऊन आईला सांगून आले. बाई हमसून हमसून रडली.

तेवढ्यात माझी नजर भिंतीकडे गेली. दिव्याच्या पेटीचा प्लग खाली लोंबत होता. चहाची किटली लावायला मीच काढला होता, माझं मेलीचं लक्ष कुठं होतं कोण जाणे! दिवा एकदाही लागला नव्हता.

डॉक्टर माझ्यावर असे उखडले की विचारू नकोस. प्लग स्वतःच खोचला. पुन्हा तपासणी. आता दिवा लखलखत होता, आणि रेघ... तसूभर हलेना.

"मग मघाचं काय होतं?" मी हळूच विचारलं.

"मशीनचा घोळ. दिवा बंद करून बघा."

बंद केला. रेघ हलली. या वेळी अर्ध्या मिनिटाचं माप नव्हतं. थोडी खाली, थांबली, अजून थोडी खाली... कुणीतरी लांबून दबकत तिच्यापाशी यावं तशी.

"ऑपरेशन नको," डॉक्टर म्हणाले. "आईला तुम्हीच सांगा." एवढा मोठा माणूस, पण माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती त्यांची.

शेजारच्या खोलीत स्पिरिटचा वास कोंडला होता. कॉटवर पिटुकली, उशाशी आई.

"ताई, दिसेल ना हो तिला?"

"नाही हो. चूक माझी होती. उजेड कळत नाही तिला." फार वाईट वाटलं गं सांगताना.

तेवढ्यात पोर चुळबुळली. तिची मान दाराकडून हळूहळू वळत आली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन थांबली. ती गोड हसली.

"बघतेय की हो! काय सांगता तुम्ही..."

पापण्यांवरची चिकटपट्टी मी अजून काढली नव्हती.

पिटुकलीने हात वर केला आणि मूठ वळली, चालताना मोठ्यांचं बोट धरतात तशी. मूठ पुरती मिटली नव्हती, मधे बोटभर पोकळी दिसत होती. आई हरखून पुढे झाली, त्यात आपलं बोट घालू लागली. एकदा. दोनदा. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"ताई... आत जागाच नाही."