तौनोची वायर

बसा पोरांनो. सौनाची शेगडी विझत आलीय, पण खोली अजून उबदार आहे, सॉसेजही उरलेत. अंगणातली ती मोकळी जागा तुम्हाला नव्या गाडीसाठी हवीच असेल तर घ्या, मी अडवणारा कोण. फक्त आधी आपल्या आल्पोचं ऐकून घ्या. मी नुसता शेजारी. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी अंगणावर उघडते आणि मला झोप कमी, त्यामुळे नको ते पण दिसतं. बाकीचं त्यानेच मला सांगितलं, इथेच, याच बाकावर.

आल्पोची गाडी छोटीशी, निळी. पण निगा अशी की बघत राहावं. ऑइल वेळेवर, कूलंट वेळेवर, टायरची हवा दर पंधरवड्याला. थंडी पडायच्या आत दारांच्या रबरांना सिलिकॉन चोळून मोकळा, म्हणजे दारं गोठून चिकटत नाहीत. कुणाची गाडी खोकली की हा कॉफीचा कप हातात घेऊन खाली यायचा आणि म्हणायचा, "गाडी बिघडत नसते, माणूस विसरतो." आम्ही हसायचो. राग यायचाच, पण बोलणं खरं असायचं.

त्याच्या शेजारच्या जागेत म्हाताऱ्या तौनोची लाल गाडी. दोघांत विजेचा खांब एक, सॉकेटं दोन. संध्याकाळी बॉनेटखालची वायर लावायची, वरचं घड्याळ पिरगाळून ठेवायचं, पहाटे इंजिन आपोआप गरम, नाहीतर या थंडीत गाडी सुरूच होत नाही. आणि दुसऱ्याच्या वायरीला हात लावायचा नाही. हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं.

एका फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली, पारा उणे तीसच्या खाली. आल्पोची लाकूड गिरणीत पहाटेची पाळी. रात्री वायर लावायला खाली गेला तर त्याचं सॉकेट मेलेलं. कुणाला उठवायचं? आणि 'माणूस विसरतो' म्हणणाऱ्याने सकाळी बस पकडायची? त्याने मनाशी हिशेब केला… तौनो रिटायर माणूस, त्याला सकाळी कुठे जायचंय. तौनोचा प्लग काढला, आपला लावला. पहाटे निघताना तौनोचा परत जागच्या जागी. कुणाला कळलं नाही.

त्याच सकाळी कुह्मो गावाहून फोन आला. तौनोच्या बायकोचा, हिल्क्काचा, धाकटा भाऊ शेवटच्या घटका मोजत होता आणि तिचं नाव घेत होता. दोघं धावत खाली आले. मी खिडकीत होतो. स्टार्टर दोन-तीनदा कण्हला आणि गप्प झाला. तौनोने वायर तपासली, लावलेली होती. घड्याळ तपासलं, तेही ठीक. मग तो नुसता उभा राहिला, टोपी हातात घेऊन, त्या थंडीत. टॅक्सी मिळेपर्यंत उशीर झाला. हिल्क्का पोचली तेव्हा भावाच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

संध्याकाळी आल्पो कामावरून आला. तौनो अंगणात बॅटरी काढत होता. आल्पो काय म्हणाला असेल? "म्हातारी बॅटरी कधीच बदलायला हवी होती, तौनो. मी सांगितलं होतं." तौनोने मान डोलावली. "हो रे. चूक माझीच." त्यानंतर जिन्यात हिल्क्का नवऱ्याला एवढंच म्हणाली, "एवढं एक काम तुझ्याकडे होतं." ते आल्पोने ऐकलं, मीही ऐकलं. घरात त्यांचं बोलणं पुढे तुटल्यासारखंच झालं. तौनो रोज रात्री तीन-तीनदा खाली येऊन वायर चाचपायचा. आल्पोला खिडकीतून दिसायचं. तो पडदा ओढून घ्यायचा. पुढे पानगळीत तौनो वारला. हिल्क्काने गाडी विकली. जागा रिकामी.

मग आली गेल्या वर्षीची सहा जानेवारीची रात्र. लोप्पियाइनेनचा, म्हणजे नाताळ संपवण्याचा सण उरकला होता, लोकांनी दिव्यांच्या माळा उतरवल्या होत्या. पारा उणे अठ्ठावीस. आल्पो नेहमीसारखा वायर लावायला खाली उतरला. शेजारच्या जागेवर गुडघाभर बर्फ साठलेला. तिथे फावडं लावायचंच लोकांनी सोडून दिलं होतं.

प्लग बसवला. घड्याळ पिरगाळलं. वळला.

मागून आवाज आला.

खर्र… खर्र…

मेलेल्या बॅटरीवर स्टार्टर ओढल्याचा. आल्पोला हा आवाज चुकत नाही. त्याने रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा. घरांकडे पाहिलं. काळोख. आवाज त्या बर्फातून येत होता. गाडी नाही, काही नाही. नुसता बर्फ…

खर्र… खर्र…

थांबला. जणू कुणी दम घेतोय. मग पुन्हा.

आल्पो मला म्हणाला, मला भीती नाही वाटली, दादा. लाज वाटली. कारण तो आवाज चिडलेला नव्हता. माफी मागत असल्यासारखा होता.

तो हळूच म्हणाला, "तौनो… वायर मी काढली होती."

आवाज थांबला.

वाट पाहिली. काही नाही. श्वासाचं धुकं तेवढं.

आल्पो तसाच जिना चढला. तिसऱ्या मजल्यावर हिल्क्काची घंटा दाबली. ती शाल पांघरून दारात आली. त्याने सगळं सांगितलं. सॉकेट, प्लग, बॅटरीवरचं भाषण. मान वर न करता. समोरचं माझं दार किलकिलं होतं, खोटं कशाला बोलू. मग ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी दवाखान्यातसुद्धा तो मला 'माफ कर' म्हणाला, आल्पो. आणि मी तोंड फिरवलं."

आल्पो दारातच उभा राहिला.

तिने दार लावलं नाही. तसंच उघडं ठेवून ती आत गेली आणि खुर्चीवर बसली. मग तो केव्हातरी खाली गेला.

सकाळी उजाडायच्या आत मी अंगणात उतरलो. मला राहवेना. आल्पोची गाडी पाळीवर गेलेली होती. शेजारी तोच गुडघाभर बर्फ, वरून कोरा. चाकाचा माग नाही. पाऊल नाही. फक्त जिथे तौनोच्या गाडीचं इंजिन यायचं तिथे परातीएवढा गोल खड्डा, सरळ खालपर्यंत. तळाला काळंभोर, ओलं डांबर.

उणे अठ्ठावीस होतं, पोरांनो. मी हातमोजा काढला. वाकलो. तळवा टेकवला…

कोमट होतं.