लिटरला वीस थेंब

"थांबा, थांबा! बाटलीत थेट नाक घालू नका!"

पण अरिबाने तोवर घातलं होतं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, पाठोपाठ शिंका... आणि धुळ्याच्या त्या एसेन्सच्या दुकानात काउंटरमागचा तरुण एक हात हवेत धरून तसाच उभा राहिला, कसंबसं हसू दाबत.

"तुमचं केळं भलतंच झणझणीत आहे," ओढणीने डोळे टिपत ती म्हणाली.

"लिटरभर पाकाला वीस थेंब पुरतात त्याचे. तुम्ही अख्खी बाटली हुंगलीत."

त्याचं नाव हसीब. दुकान त्याच्या मामांचं. अरिबा जळगावची. तिच्या अब्बूंचा, हारुनभाईंचा, तिथे बर्फगोळ्याचा स्टॉल होता. मागे आलेल्या तापात अब्बूंना वास येणंच बंद झालं, तेव्हापासून सिरप अरिबा बनवायची. गुलाब, काला खट्टा तिला डोळे झाकून जमायचे. घोडं अडलं होतं ते केळ्यावर. रावेरच्या ज्योतीने, तिच्या जिवलग मैत्रिणीने, आपल्या लग्नात केळ्याचाच गोळा हवा असा हट्ट धरला होता. खरं केळं पाकात घातलं की काळं पडतं, म्हणून हा एसेन्स. आणि रावेरची माणसं म्हणजे केळीच्या बागेत वाढलेली! त्यांच्यापुढे फजिती झाली असती, तर अब्बूंच्या स्टॉलचं नावच गेलं असतं. म्हणून खालाकडे, म्हणजे मावशीकडे, धुळ्याला आल्यावर ती या दुकानात शिरली होती.

हसीबने कागदाची पट्टी बाटलीत बुडवली, हवेत हलवली आणि तिच्या चेहऱ्यापासून जरा लांबच धरली.

"आता?"

"आता... केळं," ती हळूच म्हणाली. पट्टीपलीकडे त्याचे डोळे हसत होते. तिने घाईघाईने नजर काढून घेतली आणि त्याने दिलेली छोटी बाटली पर्समध्ये टाकली.

घरी तिने मोजून वीस थेंब घातले. चाखलं तर काहीच लागेना! मग काय, आणखी दहा. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या खरेदीला जळगावात आलेले ज्योतीचे वडील, रूपचंदआबा, स्टॉलवर थांबले. केळ्याच्या गोळ्याचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे केयं नाही व पोरी... हे तं नखाचं पालिश!"

अरिबा तणतणत धुळ्याला गेली. हसीबने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"रात्रभर मुरू दिलं होतंत?"

"मुरू?"

"ताज्या पाकात थेंब लाजतात. खरी चव सकाळी कळते. ताजं चाखून कधी वाढवायचं नाही."

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"आधी सांगितलं असतं... तर तुम्ही परत आला असतात का?"

नवी छोटी बाटली घेऊन ती फणकाऱ्यानेच निघाली, पण बसमध्ये खिडकीशी बसून जळगाव येईपर्यंत एकटीच हसत होती.

मग फेऱ्याच सुरू झाल्या. वीस थेंब उग्र, बारा मिळमिळीत. प्रत्येक वेळी रात्रभर मुरवलेला पाक घेऊन ती यायची, दोघं चाखायची, वाद घालायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. "हल्ली माझी फार आठवण येते गं तुला," खाला डोळे मिचकावून म्हणायची.

आणि एका दुपारी, पंधरा थेंब केळ्याचे, एक व्हॅनिलाचा... हसीबने चमचा तोंडात घातला आणि लगेच दुसरा भरला.

"जमलं," तो म्हणाला.

तिनेही चाखलं. रावेरची पिकलेली केळी, अगदी तीच! आनंदाने उडी मारायची, तर ती चमचाच पुसत बसली. आता धुळ्याला यायचं कशासाठी?

"मग... आता येणार नाहीस," हसीब काउंटरकडे बघत म्हणाला.

"कशाला येऊ? जमलं ना."

"अरिबा... मोठी बाटली होती दुकानात. पहिल्या दिवसापासून. मी मुद्दाम छोटी देत होतो. लवकर संपावी, तू यावीस म्हणून." त्याचे कान लाल झाले होते. "मला तू फार आवडतेस. मामांना घेऊन अब्बूंना भेटायला येऊ?"

तिच्या ओठांवर 'हो' आलंच होतं, पण खोड्या काढायची सवय जाते थोडीच!

"ताजं चाखून काही ठरवायचं नाही, तूच शिकवलंस," ती दारातून म्हणाली. "मुरू दे. सकाळी सांगेन."

सकाळी ती स्टॉलवर बाटल्या भरत होती, तर समोर हसीब! पहिल्या बसने आलेला, केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले.

"फोन करणार होते मी."

"धीर कुणाला होता?... मुरलं?"

"मुरलं."

"मग? थेंबभर कमी-जास्त?"

"काहीच नको. असंच हवं." ती आता खुलून हसली. "आणि ऐक... तो एसेन्स इथे जळगावातही मिळतो. समोरच्याच दुकानात. मोठ्या बाटलीत."

हसीब समोरच्या दुकानाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "म्हणजे तू... इतक्या वेळा..."

"बसने. उन्हातान्हात."

मागे बर्फ फोडत बसलेल्या हारुनभाईंनी मान वर केली.

"बेटा, त्याला आत बसव, गोळा दे," ते म्हणाले. "माझं नाक गेलंय, डोळे शाबूत आहेत."