दुसरा भोंगा

सौंसरच्या घरी वत्सलाबाई सुपात तूर निवडत बसल्या होत्या. एप्रिल महिना, सकाळचे सव्वा अकरा. बाहेरून नागपूरची बस हॉर्न देत गेली, शेजारी संत्र्याच्या पेट्या ठोकणं चाललं होतं. वत्सलाबाईंनी सूप बाजूला सारलं, पदराचं टोक दातांत धरलं आणि बासष्टाव्या वर्षी फरशीवर पालथ्या पडल्या. कोपरं टेकलेली, छाती वर उचललेली, कानांत बोटं.

त्यांची मुलगी प्रज्ञा रजेवर घरी होती म्हणून तिनं हे डोळ्यांनी पाहिलं. प्रज्ञा पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत कारकून. सही-शिक्क्याशिवाय कशावरच विश्वास न ठेवणारी बाई.

"आई, हे काय करून राहिली?"

"भोंगा वाजून राहिला. झोप खाली."

"कोणता भोंगा?"

"पांढुर्ण्याचा. जिनिंगचा."

आता पांढुर्णा काही हाकेवर नाही, बसनं तास-सव्वा तास लागतो. आणि ती कापसाची जिनिंग बंद पडून वीस वर्षं उलटली, भोंगा कधीच भंगारात गेला. प्रज्ञानं कान देऊन ऐकलं. पेट्या ठोकणं तेवढं ऐकू आलं.

टीव्हीवर अणुबॉम्बच्या धमक्या सुरू झाल्यापासून हे रोज चाललं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हृदय कमजोर आहे, रोजचा असा धसका फार दिवस सोसणार नाही. प्रज्ञा घाबरली. पण घाबरून हातपाय गाळणारी ती नव्हती. तिनं आईकडून सगळी हकीकत काढून घेतली.

एकाहत्तरचा डिसेंबर. वत्सला पांढुर्ण्याच्या शाळेत दुसरीत. गुरुजींनी शिकवलं होतं, वर-खाली होणारा भोंगा म्हणजे धोका, दातांत रुमाल धरून पालथं पडायचं. एकदम उजेड पडला तर तो अणुबॉम्बचा, तिकडे पाहायचं नाही. आणि एकसुरी लांब भोंगा झाल्याशिवाय उठायचं नाही. भोंगा वाजवणारे कवडू म्हणजे वत्सलाचे वडील. त्यांनी सव्वा अकराला धोक्याचा भोंगा दिला. दुसरा त्यांनी वेगळा दिलाच नाही, कारण बाराला जेवणाचा भोंगा आपोआप व्हायचा, तोही लांब, एकसुरी. मग दोनदा कशाला? पण तो बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी जेवणाचा भोंगा नसायचा, हे कवडूंच्या ध्यानातून साफ गेलं. पोरं दुपारपर्यंत मैदानात पालथी होती. मग आया आल्या आणि बखोटीला धरून घेऊन गेल्या.

"भोंगा झाला नाही, तरी उठलो आम्ही," वत्सलाबाई म्हणाल्या. "गुलाब माझ्या डाव्या बाजूले होती, प्रेमलता उजव्या. त्या उठल्या का, विचार बरं."

प्रज्ञानं फोन केले. गुलाबबाई रामाकोन्याला सुनेजवळ होत्या. "सव्वा अकराले पालथी पडते आमची सासू," सून म्हणाली. "तुम्हाले कोणं सांगितलं?" तिगावला प्रेमलताबाईंच्या घरी मुलानं फोन उचलला. आई मागच्या आठवड्यात गेली, म्हणाला. सकाळी, अंगणात. दातांतला पदर सोडवता सोडवत नव्हता.

त्या दिवशी प्रज्ञानं मनाशी पक्कं केलं, आपल्या आजोबांचा राहिलेला भोंगा आपण द्यायचा.

संधीही चालून आली. पांढुर्ण्यात युद्धाचा सराव ठरला आणि तिच्या ऑफिसात हातानं फिरवायचा भोंगा येऊन पडला. सरावाची जागा तीच शाळा. मुख्याध्यापक रोशन तिचा वर्गमित्र. अठ्ठ्याण्णवला पोखरणचा स्फोट झाला तेव्हा बारा वर्षांची ही दोघं याच मैदानात पेढे खाऊन नाचली होती. बॉम्ब म्हणजे त्यांच्या लेखी पेढे. प्रज्ञाची मुलगी दीपाली, याच शाळेत आठवीत, तर त्याच्याही पुढची. तिनं 'अणुबॉम्ब पडला तर गणिताचा पेपर रद्द होईल का' म्हणून रील टाकली, तिला हजारो लोकांनी बदाम पाठवले.

"म्हाताऱ्यांना कशाले आणलं?" रोशननं विचारलं.

"सांगीन मागून. आधी वाजवू दे मले," प्रज्ञा म्हणाली.

सव्वा अकराला वत्सलाबाई आणि गुलाबबाई मैदानात पालथ्या पडल्या. आठवीच्या पोरी खिदळल्या. दीपालीनं मोबाइल काढून आजीची रील सुरू केली. प्रज्ञानं दांडा धरला आणि एका लयीत फिरवला. लांब, एकसुरी. मनातल्या मनात एकशेवीस मोजले.

वत्सलाबाईंनी दातांतला पदर काढला. उठून बसल्या, गुडघे झटकले. "झाला बाबाचा भोंगा," त्या म्हणाल्या. गुलाबबाईंनी चहा मिळेल का विचारलं. प्रज्ञाला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं.

मग तिच्या लक्षात आलं, खिदळणं थांबलंय.

आठवीच्या सगळ्या पोरी पालथ्या पडल्या होत्या. कोपरं टेकलेली, छाती वर, ओढण्या दातांत. त्यांना हे अजून कुणी शिकवलं नव्हतं. दीपालीचा मोबाइल धुळीत पडला होता.

"दीपाली, ऊठ. संपलं."

"खाली झोप, आई. वर-खाली होऊन राहिला."

रोशन वर्गातून धावत आला. "काय झालं यायले?"

"तुले काही ऐकू येते?"

"नाही."

"मलेही नाही."

साऱ्या मैदानात भोंगा ऐकू न येणारी ती दोघंच होती. वत्सलाबाईंनी गुलाबबाईंचा हात धरला आणि पुन्हा पदर दातांत घेतला.

प्रज्ञानं दांडा पुन्हा धरला. दोन मिनिटं. पाच. दहा. खांदा भरून आला, तळहात सोलला. एकही पोरगी उठली नाही. तिनं थांबायचं नाही असं ठरवलं.

"आई," दीपाली दातांतल्या ओढणीतून म्हणाली, "उजेडाकडे पाहू नको."

प्रज्ञानं मागे वळून पाहिलं नाही. ती दांडा फिरवत राहिली. बारा वाजत आले होते, ऊन डोक्यावर होतं. तिची सावली मात्र पायाशी नव्हती. ती समोर पसरत पसरत शाळेच्या भिंतीपर्यंत गेली होती.