झाकण लावण्याआधी

दिवा राहू दे, सारंग, पण तो मोबाईल उलटा ठेव. ही थाप नाही. आमच्या ऑफिसातल्या सुनेत्राच्या बाबतीत घडलंय, आणि सुनेत्रा काही उगाच घाबरणारी बाई नव्हे.

२०१३ सालचा नऊ ऑगस्ट, नॅशनल डेची रात्र. सगळं सिंगापूर फटाके बघायला लोटलेलं, आणि ही एकटी जुरोंग ईस्टच्या एका हॉलमध्ये भिंतीवर अक्षरं चिकटवत होती. नोकरी चांगीला, आयटीत. सुट्टीचं वेड मात्र जुन्या जहाजांचं. दुसऱ्या दिवशी तिथं एक खासगी प्रदर्शन उघडणार होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या एका ब्रिटिश पाणबुडीचं. पाणबुडीबाई भूमध्य समुद्रात फिरल्या, मग हाँगकाँग, मग इकडे, आणि दुसरं युद्ध पेटायच्या आधीच भंगारात गेल्या. उरलं ते एका टाकीचं तोंड आणि त्यावरचं बिजागरीचं लोखंडी झाकण. हॉलच्या मधोमध, लाकडी चौकटीवर.

भिंतीवर लावायची शेवटची ओळ होती, 'सेवाकाळात एकही बळी नाही.'

आदल्याच दिवशी एक तमिळ आजोबा येऊन गेले होते. म्हणाले, "माझे वडील याच टाकीत रंग द्यायला उतरले. मी चार वर्षांचा होतो. घाईघाईत झाकण लावलं, पाणबुडी निघाली." प्रदर्शनाचा प्रमुख प्रबोध, आपलाच पुण्याचा, पण तोंडी सिंगापुरी 'लाह' बसलेला, त्याने सरळ हात झटकले. "अंकल, तो कंत्राटदाराचा माणूस, लाह. क्रूमध्ये नव्हता." सुनेत्रा त्याच्याशी कडकडून भांडली. उपयोग शून्य.

तर त्या रात्री त्या शेवटच्या ओळीची पट्टी तेवढी हातात राहिली होती. जाताना झाकण बंद करून जायचं, असा तिथला नियम. आता सुनेत्राचे वडील मुंबईच्या गोदीत फिटर. त्यांची शिस्त हिच्या अंगात मुरलेली. टाकीचं झाकण टेकवलं की पान्याने तीनदा ठोकायचं, आत कुणी राहिलं तर नाही ना म्हणून कान द्यायचा, मगच बोल्ट आवळायचे. हिने झाकण टेकवलं आणि सवयीने घराच्या किल्लीने ठोकलं.

ठक. ठक. ठक.

कान दिला...

ठक.

खालून. अरे, खाली होतं काय? चौकट आणि फरशी.

ठक... ठक...

तेवढ्यात फोन वाजला. प्रबोध.

"झालं का गं? झाकण लाव आणि नीघ."

"आत कुणीतरी आहे."

"दमलीयेस तू. ती ओळ चिकटव आणि घरी जा."

तिने फोन झाकणाजवळ धरला.

ठक.

"ऐकलंस?"

पलीकडून प्रबोधचा अगदी बारीक आवाज. "सुनेत्रा... झाकण लाव."

"नाही लावणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत. पण ही ओळ भिंतीवर जाणार नाही. आणि हे झाकण बंद होणार नाही. एकदा झालं तेवढं पुरे!"

घाबरली नव्हती असं नाही हं. पण संताप भीतीपेक्षा मोठा होता. दोन्ही हातांनी झाकण उचललं. आत अंधार. वीतभर असायला हवा होता.

खोल होता.

"काका," ती म्हणाली, "या वर. कुणी बंद करणार नाही."

मराठीतच म्हणाली. त्या माणसाला मराठी कुठून कळणार? पण बोलावलेलं कळतं माणसाला.

काही नाही...

काही नाही...

मग कानाशी एक श्वास. लांब. फार दिवसांनी घेतल्यासारखा.

सुनेत्राने त्या पट्टीचे तुकडे केले, झाकण उघडंच ठेवलं, दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि मागे न बघता घर गाठलं.

सकाळी कुलूप प्रबोधने स्वतः उघडलं. नवी पट्टी सोबत घेऊन आला होता. ती त्याने लावली नाही. प्रदर्शन त्या ओळीशिवाय उघडलं, आणि सुनेत्राला येऊ नकोस म्हणायची त्याची पुन्हा हिंमत झाली नाही.

कारण फरशीवर चौकटीपासून दारापर्यंत अनवाणी पावलं उमटली होती. शेंदरी रंगाची. जहाजाच्या टाकीला आतून देतात ना, तो रंग. सगळी पावलं दाराकडे जाणारी.

प्रबोधने खाली बसून बोट लावून पाहिलं.

रंग ओला होता...