सात नंबरचा गाडा

सकाळी सातही हातगाड्यांच्या कण्यांना वंगण घालायचं, रांजण भरायचे आणि बायकोनं शिवलेल्या गोण्यांत ओढ्याची वाळू भरायची, एवढंच माझं काम. ख्रिस्ती मिशनच्या कागदावर आम्हा दोघांना ‘सेवक दांपत्य’ म्हटलं होतं. मी सिदू, आधी सोलापुरात सुताच्या गिरणीत यंत्रांना तेल घालायचो. बायको सुंदरम्मा. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत आम्हाला अक्कलकोट रस्त्यापासून आत, माळावर, पत्र्याची एक खोली मिळाली.

माळाची गोष्ट आलेल्यांना मीच सांगायचो. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळात बैल मेले, तेव्हा कानडी मुलखातली माणसं स्वतः गाडे ओढत सोलापूरच्या अन्नछत्राकडे निघाली. माळापलीकडच्या ओढ्याशी त्यांची एकोणीस पोरं गेली. थंडीत दर पंधरवड्याला शहरातली मंडळी येऊन एकोणीस गोण्या गाड्यांत घालून ओढ्यापर्यंत ओढत न्यायची. नियम एकच. गाड्यात ठेवलेली गोणी ओढ्याशिवाय कुठंही उतरवायची नाही. तिथं ती काठावर ठेवायची, प्रार्थना करायची, रिकामा गाडा घेऊन परतायचं. मग सावलीत बसून डबे उघडायचे. पोट भरलेल्यांनी भुकेची सहल काढावी, याचा मला संताप यायचा. पण डोक्यावरचा पत्रा त्यांचा होता.

आमची चंद्रव्वा त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गेली. चौदा महिन्यांची. आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडत होतो आणि ती बाभळीखाली, फाटक्या धडप्यात गुंडाळलेली. जुलाब लागले. दवाखान्याच्या काट्यावर साडेसहा किलो भरली, दुसऱ्या दिवशी संपली. मी तिला रस्त्याच्या कडेलाच पुरलं. पुढं रस्ता रुंद केला. आता तिच्यावरून एसटी जाते. सुंदरम्मा तेव्हापासून कामापुरतंच बोलायची.

पंचाहत्तरच्या जानेवारीत अशीच मंडळी आली. सात नंबरचा गाडा मी ओढत होतो. अर्ध्या वाटेवर, चढाला, शिवशरण पाळकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. सगळी व्यवस्था त्यांच्याकडं असायची. ते माझ्या गाड्यात बघत होते.

“सिदू, ही विसावी गोणी कुणाची?”

गोणीच्या तोंडाला फुलाफुलांच्या कापडाची पट्टी शिवली होती. ते कापड मी ओळखलं, चंद्रव्वाच्या झबल्याचं.

“आमची हाय, पाळकसाहेब,” सुंदरम्मा म्हणाली. “साडेसा किलो. लई न्हाय. तितं ठिवते आन् येते की.”

“बाई, हा त्या एकोणिसांचा माळ आहे. उद्या जो तो आपापलं घेऊन येईल. सिदू, उतरव ती.”

मला नाही म्हणता आलं असतं. माझा हात कुणी धरला नव्हता. मी गोणी खाली घेतली, विळ्यानं फाडली आणि वाळू वाटेवर ओतली. पाळक म्हणाले, चला.

सुंदरम्मा रडली नाही. रिकाम्या गोणीची घडी घालत म्हणाली, “वाटंतच उतरिवलंत. दुसऱ्यांदा.”

ओढ्याला एकोणीस गोण्या ठेवल्या, मोजल्या. परतताना सात नंबर हलेना. मला लोखंड कळतं. मी कणा पाहिला, चाक उचलून फिरवलं. चाक हातात भिंगरीसारखं फिरायचं. जमिनीला टेकलं की जड. मागं वळून पाहिलं तर इतर गाड्यांच्या चाकोऱ्या पुसट आणि माझी खोल. सुंदरम्मा मागच्या फळीला हात लावून चालत होती. काही सांडू नये म्हणून धरावा, तसा हात.

ती गुणगुणत होती. कानडी अंगाई. वीस महिन्यांत पहिल्यांदा.

खोलीपाशी आल्यावर मी गाड्याच्या फळ्यांवर तळवा फिरवला. थंडीच्या दिवसांत लाकूड गार लागत होतं. मधे हातभर जागा कोमट होती.

“ऊन लागलं आसंल,” मी म्हणालो.

“व्हय,” ती म्हणाली. गाडा सकाळपासून आभाळाखाली होता आणि आभाळ भरलेलं होतं.

आठवडाभरानं आम्ही दोघंच गाडा घेऊन ओढ्याला गेलो. काठावर मी दांड्या वर करून गाडा मागं कलवला. सुंदरम्मानं खाली पदर धरला. आम्ही बराच वेळ तसेच उभे राहिलो. मग मी गाडा सरळ केला. तेवढाच जड.

“उतरत न्हाय,” ती म्हणाली. “गोणी तुमी फाडलीत. कशात ठिवायची तिला?”

मी तिला नवी गोणी शिव म्हणालो. तिनं शिवली, ठेवली. काही झालं नाही.

पुढच्या वर्षी मिशननं माळ बंद केला. बाकीचे गाडे कुठं गेले ठाऊक नाही. सात नंबर मी ओढत सोलापूरच्या भवानी पेठेत आणला. चनमल्लप्पांच्या लाकडाच्या वखारीत माल वाहायला लागलो. वखारीत मोठा काटा आहे. प्रत्येक गाडा आधी रिकामा तोलतात, मग भरून. रिकाम्याचं वजन फळीवर रंगवतात आणि दर दसऱ्याला पूजेआधी पुन्हा तोलतात.

सात नंबरवर मिशनचा जुना आकडा होता, पंचाऐंशी किलो. पहिल्या दसऱ्याला भरलं साडेत्र्याण्णव.

“का रे सिदू, गाडा पाणी पितो का तुझा?” चनमल्लप्पा हसले.

दुसऱ्या वर्षी पंच्याण्णव. फळ्या सुकलेल्या, एक तर मी बदलून हलकी घातलेली. तिसऱ्या वर्षी सत्त्याण्णव. चनमल्लप्पा हसले नाहीत. काटा तपासला. बाकीचे गाडे बरोबर येत होते.

परवा चौथा दसरा झाला. चनमल्लप्पांनी आकडा स्वतः रंगवला, कुंचला खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “सिदू, तुला लेकरं किती?”

“न्हाईत, मालक.”

त्यांनी गाड्याला हळद लावली. दांडीला लावायची असते. त्यांनी मधल्या फळीला लावली.

घरी आलो तेव्हा सुंदरम्मा दारात उजेडाला बसली होती. मांडीवर फुलाफुलांचा झगा. गोणी फाटली त्याच महिन्यात तिनं तो शिवायला घेतला होता. तेव्हापासून तो पेटीत असतो, फक्त दसऱ्याला बाहेर निघतो.

“किती?” तिनं विचारलं.

“नव्याण्णव.”

तिनं मान हलवली. झग्याची खालची दुमड दोन बोटं उसवली, वीतभर ताणून बघितली आणि दोरा तोडला.

मी झगा हातात घेतला. कापड नवंच होतं. फक्त गळ्याला मळाची काळपट रेघ होती, रोज अंगात असलेल्या कपड्याला असते तशी.